निवांत बंदरावरच्या आज्या

गौरी-गणपती गेले, मुंबई-पुण्याची मंडळी आपापल्या गाड्या पकडून परतली आणि आमचं वेंगुर्ल्याचं घर पुन्हा गप्प झालं. दरवर्षीचंच आहे हे. मागे उरतात त्या धुवायच्या चादरी, डब्यात तळाशी राहिलेले चार लाडू आणि मी. २०२५ च्या सप्टेंबरात मात्र मी चादरी धुऊन घडी घातल्या, कपाटाला कुलूप लावलं आणि चक्क कोरियाला गेले.

माझी भाची तिथे बुसान नावाच्या शहरात तीन वर्षं आहे. विद्यापीठात समुद्री शेवाळांवर संशोधन करते. "मावशी, तू एकदा येच. तुला इथे परकं वाटणार नाही बघ," असं ती फोनवर सारखी म्हणायची. मी हसण्यावारी न्यायची. पण या वर्षी मुलानं जाता जाता विषय काढला होता. "आई, घराचं काय ते आता ठरव. किती वर्षं एकटी राहणार? विकून टाकू, तू पुण्याला ये." तो काही चुकीचं बोलत नव्हता. पण ते ऐकल्यावर मला घरात बसवेना. म्हटलं, जरा लांब जाऊन यावं.

शेजारच्या वहिनींनी विचारलं, "कोरिया म्हणजे तिथे ते बॉम्ब उडवतात तिथे?" त्यांच्या मुलीनंच परस्पर उत्तर दिलं, "आई, तो उत्तर कोरिया. काकू दक्षिणेत जाताहेत. बीटीएसमधले जिमिन आणि जंगकुक बुसानचेच आहेत!" ही मुलगी बारावीत आहे. वेंगुर्ल्यात बसून तिला जे माहीत होतं ते मला नव्हतं.

तर बुसान. कोरियातलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर. सोलला विमानातून उतरायचं आणि तिथून वेगवान रेल्वेनं अडीच-तीन तासांत चारेकशे किलोमीटर खाली, देशाच्या आग्नेय टोकाला. जगातल्या पहिल्या दहा कंटेनर बंदरांत याचा नंबर लागतो. भाचीनं हे सांगितल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आपली मुंबई उभी राहिली. गर्दी, घाम, धक्के, धावपळ. आणि खरंच, मुंबई आणि बुसान १९७७ पासून 'भगिनी शहरं' आहेत म्हणे.

पण बहिणी-बहिणींचे स्वभाव कुठे सारखे असतात?

स्टेशनबाहेर पडले आणि पहिली गोष्ट जाणवली ती म्हणजे डोंगर. आपल्या कोकणासारखे डोंगर थेट समुद्रापर्यंत उतरत आलेले, आणि त्यांच्या मधल्या सापटींतून शहर वाहत गेलेलं. एका वळणावर उंच इमारती, पुढच्या वळणावर खाली निळं पाणी. बसच्या खिडकीतून आत आलेला वारा खारट. मी नकळत "आलं बंदर" असं मोठ्यानं म्हणाले. भाची हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तिनं मला ग्वांगाल्लीच्या किनाऱ्यावर नेलं. समोर समुद्रातच बांधलेला लांबच लांब पूल, मागे कॉफीची दुकानं. आणि वाळूत बायकाच बायका! माझ्या वयाच्या, माझ्याहून मोठ्या. डोक्यावर पुढे लांब झाप असलेल्या टोप्या, हातमोजे, बूट काढून हातात घेतलेले, आणि ओल्या वाळूतून हात जोरजोरात हलवत अनवाणी चालताहेत. कुणी जोडीनं, कुणी एकट्या. अनवाणी चालण्याचं तिथे अलीकडे वेडच लागलंय. एक आजी तर चालताना रेडिओ लावून त्याच्याबरोबर गात होत्या आणि कुणी वळूनसुद्धा बघत नव्हतं.

मैत्रिणींनो, एक प्रश्न विचारू? आपण समुद्राकाठी राहणाऱ्या बायका शेवटच्या किनाऱ्यावर नुसत्या बसायला कधी गेलो होतो? माझं घर समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. पाहुणे आले की मी त्यांना बंदरावर घेऊन जाते. दीपगृह दाखवते, सूर्यास्त दाखवते, आणि त्यांचा सूर्यास्त चालू असताना मनात रात्रीच्या डाळ-भाताचा हिशेब करते. एकटीनं जाऊन बसले तर कुणीतरी हटकून विचारणार, "काय गो, सगळां बरां मां?"

बुसानला मी रोज सकाळी जाऊन बसले. पहिल्या दिवशी अपराधी वाटलं. तिसऱ्या दिवशी नाही वाटलं.

शहराच्या आत ओन्चनजांग म्हणून एक भाग आहे, गरम पाण्याच्या झऱ्यांचा. आपल्याकडे तुरळ किंवा उन्हवऱ्याला आहेत ना, तसंच. तिथे भर रस्त्याकडेला दगडी पन्हळीत गरम पाणी सोडलंय. यायचं, पाय धुवायचे, पन्हळीत पाय सोडून बसायचं. पैसे नाहीत. दुपारी तीन वाजता तिथे पंधरा-वीस म्हातारी माणसं गुडघ्यापर्यंत विजारी वर करून गप्पा मारत बसली होती. मी साडी जराशी वर खोचून बसले, तर शेजारच्या बाईंनी सरकून जागा दिली, माझ्या साडीचा काठ बोटांनी चाचपून बघितला आणि म्हणाल्या, "बाप मुन्ना?"

मी भाचीकडे बघितलं. म्हटलं, हा कुठला मुन्ना, आणि कुणाचा बाप?

भाचीची हसून मुरकुंडी वळली. 'बाप' म्हणजे भात, जेवण. "बाप मुन्ना?" म्हणजे "जेवलीस का?" आणि हे बुसानच्या बोलीत. सोलच्या शुद्ध भाषेत ते वेगळं, गोड गोड म्हणतात. बुसानची बोली रांगडी, तुटक, ऐकताना वाटावं की भांडताहेत. सोलवाले तिची नक्कल करून हसतात आणि बुसानवाल्यांना तिचा अभिमान. आता मालवणी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला हवं का? मी त्या बाईंना मालवणीतच सांगितलं, "जेवलंय, जेवलंय." त्यांना बरोबर कळलं.

असे चार-पाच दिवस गेले. रोज मी भाचीला म्हणायची, "किती निवांत आहे गं तुमचं शहर!" एके दिवशी ती म्हणाली, "मावशी, इथले लोक स्वतःच्या शहरावर एक विनोद करतात. म्हणतात, बुसानमध्ये उरलंय काय? 'म्हातारा आणि समुद्र.' हेमिंग्वेच्या त्या कादंबरीचं कोरियन नाव तेच आहे ना!"

पु. लं.नी 'एका कोळियाने' म्हणून मराठीत आणली ती ही कादंबरी. मला आधी हसू आलं. मग तिनं पुढचं सांगितलं. १९९० च्या दशकात या शहराची लोकसंख्या ३८ लाखांच्या पुढे होती, ती आता ३३ लाखांच्या खाली आली. शहरातला जवळजवळ दर चौथा माणूस ६५ च्या पुढचा. देशाच्या मोठ्या महानगरांत 'अतिवृद्ध' ठरलेलं हे पहिलं शहर, २०२१ मध्ये. तरुण मुलं शिकतात आणि नोकरीसाठी सोलला जातात. लग्नं उशिरा, मुलं तर कमीच. २०२३ मध्ये कोरियाचा जननदर ०.७२ होता, म्हणजे सरासरी एका बाईमागे एक मूलसुद्धा नाही.

सकाळची ती वाळू मला आठवली. त्या अनवाणी चालणाऱ्या आज्या. तिथे तरुण मुलगी मला कॉफी विकतानाच काय ती दिसली होती.

आणि आठवलं ते आपलंच. २००१ ते २०११ या दहा वर्षांत सगळ्या देशाची लोकसंख्या वाढत असताना आपल्या रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची घटली. रत्नागिरीत तर जनगणनेत एक हजार पुरुषांमागे अकराशेहून जास्त बायका निघाल्या. वर्तमानपत्रांनी तेव्हा "बायकांचं प्रमाण चांगलं" असं कौतुक केलेलं मला आठवतं. अहो, प्रमाण चांगलं कसलं? पुरुष मुंबईला गेलेले होते! पर्यटक येतात आणि म्हणतात, "कोकण किती शांत!" आमच्या वाडीत सात घरांपैकी चार घरांना बाहेरून कड्या असतात, शांत नाही राहणार तर काय होणार?

पण बुसानची गोष्ट नुसती रिकाम्या घरांची नाही. ती मला कळली जागाल्चीच्या मासळी बाजारात.

जागाल्ची हा कोरियातला नावाजलेला मासळी बाजार. 'जागाल' म्हणजे गोटे, किनाऱ्यावरच्या गोट्यांवरून हे नाव पडलं असं म्हणतात. उडणाऱ्या समुद्रपक्ष्यांच्या पंखांसारखं छप्पर असलेली मोठी इमारत आहे, खाली मासे घ्यायचे आणि वर शिजवून खायचे. पण खरी मजा बाहेरच्या गल्लीत. रांगेनं बायका बसलेल्या. रबरी बूट, रबरी हातमोजे, फुलाफुलांच्या ढगळ विजारी, डोक्याला रुमाल, आणि पुढ्यात लाल टोपल्या नि प्लास्टिकची घमेली. यांना तिथल्या बोलीत 'आजिमे' म्हणतात, म्हणजे मावशीच. 'जागाल्ची आजिमे' ही शहराची ओळखच. त्यांची आरोळीसुद्धा प्रसिद्ध आहे: "ओइसो! बोइसो! साइसो!" या, बघा, घ्या! बाजाराच्या उत्सवाचं घोषवाक्यच आहे ते.

मासे बघून मी तर हरखलेच. लांब चंदेरी पट्ट्यांसारखी वाकटी, माकूल, शिंपल्यांचे ढीग, जिवंत ऑक्टोपस (त्याच्याकडे मी फार वेळ बघितलं नाही), आणि दोरीवर वाळत घातलेले मासे. सुकटीचा तो वास! पुण्याच्या माझ्या सुनेला डोकं धरावंसं वाटलं असतं, मला माहेरी आल्यासारखं झालं. आणि मग बांगडा. अगदी आपल्यासारखा नाही, त्याचा चुलतभाऊ म्हणा. जरा लांब, पाठीवर निळ्या-काळ्या नागमोडी रेघा. बुसाननं २०११ मध्ये चक्क बांगड्याला शहराचा मासा म्हणून निवडलंय. आपल्याकडे पापलेट राज्याचा मासा झाला २०२३ मध्ये. बांगड्याच्या नशिबी मान आला तो कोरियात!

एका आजींपुढे मी उकिडवी बसले आणि सवयीनं बांगड्याचा कल्ला उचलून आत लाल आहे का बघितलं. आजींनी माझा हात धरला. मला वाटलं, ओरडणार. पण त्या मोठ्यानं हसल्या आणि शेजारणीला ओरडून काहीतरी म्हणाल्या. भाचीनं सांगितलं, "म्हणताहेत, हिला मासे कळतात."

त्यांचं वय ७४. गिऱ्हाईक कमी होतं म्हणून असेल किंवा साडीमुळे असेल, त्यांनी आम्हाला पालथ्या घमेल्यावर बसवलं आणि बोलत राहिल्या. हाताखाली मासे साफ करणं चालूच. भाची मध्ये दुभाष्याचं काम करत होती.

१९५० साली जूनमध्ये कोरियन युद्ध सुरू झालं. दोन-अडीच महिन्यांत जवळजवळ सगळा दक्षिण कोरिया शत्रूच्या ताब्यात गेला. उरला तो बुसानच्या आसपासचा कोपरा. बुसान देशाची तात्पुरती राजधानी झालं आणि लाखो निर्वासित इथे येऊन आदळले. डोंगरउतारांवर पत्र्याच्या, पुठ्ठ्याच्या झोपड्या उठल्या. आज रंगीत घरांसाठी पर्यटक ज्याचे फोटो काढतात ते गामचन गाव त्याच उतारांपैकी एक. डिसेंबर १९५० मध्ये उत्तरेच्या हुंगनाम बंदरातून जहाजांनी एक लाखाच्या आसपास सामान्य माणसं दक्षिणेकडे आणली गेली. आजींची आई त्यांच्यात होती. पोटुशी. नवरा गर्दीत मागे राहिला, की दुसऱ्या जहाजात चढला, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

बाजारापासून जवळच योंग्दो बेटाकडे जाणारा एक पूल आहे. १९३४ साली बांधलेला, खालून जहाज जाताना मधूनच उचलला जाणारा. तो कोरियाभर माहीत होता. म्हणून युद्धात पळताना लोक एकमेकांना सांगायचे, "ताटातूट झाली तर बुसानला योंग्दोच्या पुलावर भेटू." हजारो माणसं त्या पुलावर येऊन उभी राहायची. कठड्यांना नावांच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. पुलाखाली ज्योतिषी बसायचे. त्यांचा धंदा जोरात, कारण सगळ्यांचा प्रश्न एकच: माझं माणूस जिवंत आहे का?

"आई दर रविवारी जायची," आजी म्हणाल्या. "मला पाठीला बांधून. मला तो पूल आठवतो, वडील नाही आठवत, कारण मी त्यांना बघितलेलंच नाही."

वाट बघायची ती रविवारी. बाकीचे सहा दिवस घमेलं घेऊन इथे बसायचं. इथल्या पुष्कळ आजिमे अशाच बसल्या. नवरा युद्धात गेलेला, नाहीतर समुद्रात, नाहीतर बेकार. घमेलंभर मासे उधारीवर आणायचे, विकायचे, संध्याकाळी तांदूळ घेऊन डोंगर चढायचा. आजी दहाव्या वर्षी आईशेजारी बसायला लागल्या. तीच जागा. मधे फक्त गोट्यांच्या जागी सिमेंट आलं.

त्या पुलापलीकडच्या बेटावर आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. तिथे जहाजदुरुस्तीच्या जुन्या वस्तीला 'कांगकांगी' गाव म्हणतात. कांग-कांग हा हातोडीचा आवाज. जहाज रंगवण्याआधी त्याच्या पोटावरचा गंज आणि चिकटलेली कालवं ठोकून काढावी लागतात. ते काम बायका करायच्या. जहाजाच्या कडेवरून दोरांनी सोडलेल्या फळीवर बसून, अधांतरी, दिवसभर कांग-कांग. त्या आवाजानं कित्येकींना पुढे ऐकू येईनासं झालं. त्या कामावर पोरं शिकली. आज तिथे भिंतभर उंचीचं एका म्हाताऱ्या बाईचं चित्र रंगवलंय. मी त्या चित्राकडे बघत बराच वेळ उभी राहिले. थकलेला चेहरा आहे, उगाच हसवलेला नाही. बरं वाटलं.

त्याच बेटाच्या मागच्या अंगाला, जुंग्नीच्या खडकांवर, पाणबुड्या बायका भेटल्या. 'हॅन्यो'. मूळच्या जेजू बेटाच्या, कामासाठी बुसानला येऊन स्थायिक झालेल्या. पाठीला ऑक्सिजन वगैरे काही नाही, श्वास रोखून समुद्राच्या तळाशी जायचं आणि शंख, शिंपले, शेवाळ काढून आणायचं. वर आल्यावर कोंडलेला श्वास सोडताना शीळ वाजल्यासारखा आवाज होतो, त्याला 'सुम्बीसोरी' म्हणतात. जेजूच्या या परंपरेला युनेस्कोनं २०१६ मध्ये वारशाच्या यादीत घेतलं. पण पाण्यात उतरतात त्या बहुतेक साठी-सत्तरी ओलांडलेल्या. सुना-लेकींना हे काम नकोय, आणि त्यांना तरी दोष कसा द्यायचा? मला नाही वाटत माझी मुलगी असती तर मी तिला पाठवलं असतं.

शेवाळाचं एक सांगायचं राहिलं. बाळंतिणीला तिथे 'मियोक' नावाच्या समुद्री शेवाळाचं सूप देतात, दिवसातून दोन-तीनदा, कित्येक दिवस. आपल्या हळिवासारखं. बुसानच्या गीजांग भागातला मियोक त्यासाठी नामांकित. आणि गंमत म्हणजे पुढे आयुष्यभर प्रत्येक वाढदिवसाला हेच सूप प्यायचं. वाढदिवस आपला, पण त्या दिवशी आईनं जे प्यायलं ते आपण प्यायचं! भाचीनं करून घातलं. चवीला म्हणाल तर आळणी, जरासं बुळबुळीत. पण कल्पना मला फार आवडली. मुलाच्या वाढदिवसाला मी हळिवाची खीर करून बघणार आहे. तो नाक मुरडेल.

तर आजी. त्यांनी विचारलं, "मुलं किती?"

"एक. पुण्याला असतो." भाचीनं पुढे न विचारता सगळंच सांगून टाकलं: मावशी एकटी राहते, मुलगा म्हणतो घर विकून ये. मी तिला चिमटा काढेपर्यंत उशीर झाला होता.

आजींनी सुरी खाली ठेवली. त्यांचा मुलगाही सोलला. सतराव्या मजल्यावर घर. चार वर्षांपूर्वी त्यानं आईला नेलं होतं, कायमचं म्हणून. "एकोणीस दिवस राहिले," आजी म्हणाल्या. "सून चांगली आहे. पण दिवसभर माझ्याशी कोण बोलायचं, तर लिफ्ट. 'दार उघडत आहे, दार बंद होत आहे.' विसाव्या दिवशी आले परत."

मला वाटलं, झालं, उत्तर मिळालं. मी मान डोलवायला लागले. तर आजींनी हात वर केला.

"पण तुला वाटेल, मी इथे हौसेनं बसते. गुडघे गेलेत. पहाटे चारला उठते. पेन्शन पुरत नाही म्हणून बसते. थंडीत हे पाणी हाताला लागतं ना, तेव्हा मला सतरावा मजला आठवतो."

कोरिया एवढा श्रीमंत देश, मोटारी आणि मोबाइल जगाला विकणारा. पण तिथे ६५ वर्षांवरच्या दर दहा माणसांतली जवळपास चार गरिबीत राहतात. विकसित देशांत हे प्रमाण सगळ्यात वरचं. पोरांच्या शिक्षणात सगळं घातलं, आणि पेन्शनची योजना आली तेव्हा यांचं वय निघून चाललेलं. रस्त्यावर पुठ्ठे गोळा करून गाडी ओढत नेणारे आजी-आजोबा मी सोलमध्येही बघितले, बुसानमध्येही. सकाळी वाळूत चालणाऱ्या आज्या खऱ्या, आणि पुठ्ठे ओढणाऱ्याही खऱ्या. पहिल्या चार दिवसांत माझी नजर फक्त पहिल्यांवर होती, एवढंच.

मी विचारलं, "मुलगा येतो का?"

"चुसॉकला." चुसॉक म्हणजे तिकडचा सुगीचा सण, पितरांची आठवण करण्याचा. त्या वर्षी तो ६ ऑक्टोबरला होता. सगळा देश आपापल्या गावी निघतो. आणि बरं का, त्या गाड्यांचं आरक्षण सुरू झालं की बघता बघता संपतं! आजींचा मुलगा सकाळी उठून संगणकासमोर बसलेला, तरी परतीचं तिकीट मिळालं नव्हतं. मी ओरडलेच, "अगं, ही तर आमची कोकण रेल्वे!" गणपतीच्या गाड्या, मिनिटांत भरणाऱ्या, प्रतीक्षायादी, दलाल, सगळं मी तिला सांगितलं आणि भाचीनं जमेल तेवढं कोरियनमध्ये घातलं. आजी मान हलवत होत्या. शेजारची आजिमेही येऊन ऐकायला लागली. मुलगा किती दिवस राहतो, आल्यावर काय खायला मागतो, जाताना डब्यात काय भरून द्यायचं, यावर आमची तिघींची अर्धा तास चर्चा झाली. आजी मुलाला खारवलेले बांगडे बांधून देतात. सून सोलला ते गॅलरीत ठेवते, वास येतो म्हणून. मी म्हटलं, माझीसुद्धा!

निघताना सहा बांगडे घेतले. आजींनी सातवा टाकला आणि इंग्रजीत ठसक्यात म्हणाल्या, "सर्विस!" वर घातलेल्या फुकटच्या वस्तूला तिथे सर्विस म्हणतात. मग माझं मनगट धरून एक प्रश्न विचारला. भाची क्षणभर थांबली, मग तिनं मराठीत सांगितलं. "विचारताहेत, पुण्याला समुद्र आहे का?"

"नाही म्हणून सांग."

आजी काही बोलल्या नाहीत. पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. "ओइसो!"

परतायच्या आदल्या दिवशी आम्ही जवळच्या गिमहेला गेलो, राणी हो ह्वांग-ओकच्या समाधीला. तेराव्या शतकातल्या 'सामगुक युसा' या ग्रंथात दंतकथा आहे की इसवी सन ४८ मध्ये आयुता नावाच्या देशाची राजकन्या समुद्रमार्गे आली आणि इथल्या सुरो राजाची राणी झाली. आयुता म्हणजे आपली अयोध्या, असं कोरियात अनेक जण मानतात. इतिहास म्हणून ते सिद्ध झालेलं नाही. पण लाटा शांत राहाव्यात म्हणून तिनं बोटीत घालून आणलेल्या दगडी मनोऱ्याचे दगड तिथे दाखवतात, आणि दहा मुलांपैकी दोघांना तिनं आपलं आडनाव लावायला मिळवलं, असंही सांगतात. हिरव्या गवताच्या मोठ्या उंचवट्यासमोर उभी राहून मी भाचीला विचारलं, "तुझं काय? इथेच राहणार?"

"शिक्षण संपलं की नोकरी सोललाच बघावी लागेल गं, मावशी," ती म्हणाली. "माझ्या विषयातलं काम खरं तर इथल्या समुद्रात आहे. पण पगार तिकडे आहेत." मग जरा थांबून, "मी इथलीही चाकरमानीच होणार बघ."

वेंगुर्ल्याला परत आले तेव्हा पाऊस ओसरला होता. घर उघडलं, खिडक्या उघडल्या. मुलाचा फोन आला, मी म्हटलं दिवाळीत या, समोरासमोर बोलू. तो बरं म्हणाला.

तिसऱ्या दिवशी आमची नेहमीची मासेवाली दारात आली. "खंय होतंस गो? दार बंद. बांगडो घे, फडफडीत आसा." मी कल्ला उचलून बघत तिला जागाल्चीचं सगळं सांगितलं. हातमोजे, रबरी बूट, चुहात्तर वर्षांची आजी. ती पदरानं घाम पुसत ऐकत होती.

"आणि तिचो झील खंय?" तिनं विचारलं. "मुंबयक?"

"हो," मी म्हटलं. "मुंबईलाच."

तिनं मान हलवली, आठ बांगडे मोजून घातले आणि वर एक टाकला.